बाल्कनीचा रिपोर्ट भाडेकरूलाही मिळाला पाहिजे

कॅलिफोर्नियातला बाल्कनी तपासणीचा कायदा चांगला आहे, हे आधीच सांगते. तो रद्द करा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझी तक्रार एवढीच आहे की भाड्याच्या बिल्डिंगमध्ये तपासणी झाली की त्याचा रिपोर्ट मालकाच्या फाइलमध्ये जातो, पुढे कधी बिल्डिंग विकली तर घेणाऱ्याला द्यावा लागतो, आणि जो माणूस त्या बाल्कनीत रोज कपडे वाळत घालतो त्याला तो द्या असं कायदा कुठेही म्हणत नाही.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी. १६ जून २०१५, बर्कली. मध्यरात्र नुकतीच उलटून गेली होती. एका अपार्टमेंटमध्ये एकविसाव्या वाढदिवसाची पार्टी चालू होती. बहुतेक मुलं आयर्लंडची, उन्हाळ्यापुरती कामाच्या व्हिसावर आलेली. तेरा जण बाल्कनीत असताना ती भिंतीपाशी मोडली आणि सगळे खाली गेले. सहा गेले, सात जबर जखमी झाले. बिल्डिंग होती जेमतेम आठ वर्षांची! आतली लाकडं कुजलेली होती. पुढच्या दाव्यांमध्ये असाही आरोप होता की आधीच्या भाडेकरूंनी बाल्कनीत कुत्र्याच्या छत्र्या उगवल्याचं कळवलं होतं. तेव्हाच कोणी फरशीखाली काय आहे ते उघडून बघितलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्याकडून एमएसला येणाऱ्या मुलांसाठी हे मुद्दाम लिहितेय. आपण मुंबई-पुण्यात सिमेंट-सळईच्या स्लॅबवर वाढलो. मुंबईत स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचं सर्टिफिकेट कायद्याने लागतं तेही बिल्डिंगला तीस वर्षं झाल्यावर. त्यामुळे "नवी बिल्डिंग आहे, काय होणार" हे आपल्या अंगात मुरलेलं. इथल्या तीन-चार मजली अपार्टमेंटचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडाचा असतो. बाल्कनीच्या तुळया त्याच लाकडाच्या, घरातून भिंत ओलांडून बाहेर आलेल्या. वर वॉटरप्रूफिंग आणि पातळ काँक्रीट, खाली प्लास्टर. मधलं लाकूड कोणालाच दिसत नाही. दाराच्या उंबऱ्याशी किंवा भिंतीच्या सांध्यात वॉटरप्रूफिंग फाटलं की पाणी आत जातं, आणि आत हवा खेळत नसेल तर ते वाळत नाही. बुरशी लाकूड खात राहते. वरून फरशी छान, खालून रंग छान.

आमच्या काँडोत, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा असलेल्या बिल्डिंगमध्ये, तपासणी झाली तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले होते. इन्स्पेक्टरने बाल्कनीच्या पोटाला छोटं भोक पाडलं, टोकाला दिवा असलेला नळीसारखा कॅमेरा आत सरकवला आणि स्क्रीन मला दाखवली. आमचं लाकूड पिवळसर, कोरडं होतं. शेजारच्या विंगमधल्या एका बाल्कनीत मात्र ते काळं पडलेलं निघालं. प्लास्टर काढल्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर चहात बुडवलेल्या खारीसारखं सुटून आलं. त्या घरात दोन लहान मुलं आहेत. बाल्कनी त्याच दिवशी बंद झाली. दुरुस्तीसाठी स्पेशल असेसमेंट, म्हणजे प्रत्येक मालकाने भरायची जादा वर्गणी, आलं, मीटिंगमध्ये आवाज चढले, पण रिपोर्ट प्रत्येक मालकाच्या हातात होता, त्यामुळे शेवटी पैसे भरायला कोणी नाही म्हणालं नाही.

हे झालं कारण आम्ही मालक आहोत. काँडोंसाठी २०१९ चा एसबी ३२६ (एसबी म्हणजे सिनेट बिल) हा कायदा आहे, भाड्याच्या बिल्डिंगसाठी २०१८ चा एसबी ७२१. दोन्हीत जमिनीपासून सहा फुटांहून उंच असलेल्या, लाकडाच्या आधारावरच्या बाल्कन्या, बाहेरचे जिने आणि पॅसेज येतात. पण किती तपासायच्या? काँडोत नमुना इतका मोठा घ्यावा लागतो की ९५ टक्के खात्रीने आणि फार तर पाच टक्के इकडे-तिकडे एवढ्याच चुकीने निष्कर्ष काढता यावा. म्हणजे चाळीस बाल्कन्या असतील तर सदतीसच्या आसपास. भाड्याच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक प्रकारातल्या १५ टक्के. चाळीसातल्या सहा. भाड्याच्या बिल्डिंगची तपासणी दर सहा वर्षांनी आणि काँडोची नऊ वर्षांनी, हा फरक भाडेकरूच्या बाजूचा आहे, मान्य. पण न तपासलेल्या चौतीस बाल्कन्यांचं काय? कुजणं काही नमुना बघून होत नाही. एका बाल्कनीचा सांधा गळतो, शेजारचीचा गळत नाही.

आणि बर्कलीची ती मुलं भाडेकरूच होती. ज्यांच्यामुळे कायदा आला त्यांच्यासारख्यांनाच कमी संरक्षण, हे मला पटत नाही.

त्यात मुदतवाढ. पहिली तपासणी १ जानेवारी २०२५ पर्यंत करायची होती. कायदा होऊन सहा वर्षं मिळाली होती. तरी भाड्याच्या बिल्डिंगना आणखी एक वर्ष दिलं गेलं, १ जानेवारी २०२६ पर्यंत. काँडोंना दिलं नाही. इंजिनिअर मिळत नाहीत, खर्च फार आहे, ही कारणं मी मालकांच्या तोंडून ऐकली आहेत. आपल्यातल्याही कितीतरी जणांच्या अशा गुंतवणुकीच्या प्रॉपर्टी आहेत. त्यांना माझं थेट म्हणणं आहे: भाडं दर महिन्याला घेता ना? मग तपासणी हा धंद्याचा खर्च आहे, उपकार नाही. धोका दिसला तर बाल्कनी ताबडतोब बंद करायची. तातडीची नसलेली दुरुस्ती असेल तर रिपोर्ट मिळाल्यापासून १२० दिवसांत परमिटचा अर्ज, आणि परमिट मिळाल्यावर १२० दिवसांत काम. अशक्य असं यात काहीच नाही.

मला हवा असलेला बदल लहान आहे. रिपोर्टची प्रत प्रत्येक भाडेकरूला द्या, आणि नवा भाडेकरू आला की लीजसोबत जोडा. मी आमच्या असेंब्ली मेंबरला, म्हणजे राज्याच्या विधानसभेतल्या आमच्या प्रतिनिधीला, तसं लिहिलंय. इथे मतदान करणाऱ्यांनी कृपया लिहा, त्यांच्या वेबसाइटवर फॉर्म असतो.

तोवर भाड्याने राहणाऱ्या पोरांनो, मॅनेजरला ईमेल करा. फोन नको, ईमेलच. "आमच्या बिल्डिंगची एसबी ७२१ खालची तपासणी कधी झाली, आमची बाल्कनी त्यात होती का, आणि रिपोर्टची प्रत मिळेल का?" एवढे तीनच प्रश्न. बाल्कनी दाराकडून खाली कललेली वाटली, चालताना दबली, खालच्या प्लास्टरवर तपकिरी डाग किंवा भेगा दिसल्या, कठडा हलला, तर फोटो काढून त्याच ईमेलला जोडा आणि तिथे उभं राहणं बंद करा. उत्तर आलं नाही तर शहराच्या कोड एन्फोर्समेंटकडे, म्हणजे बिल्डिंगचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्याकडे, तक्रार करा. तक्रार केली म्हणून सूड उगवत घराबाहेर काढणं किंवा भाडं वाढवणं कॅलिफोर्नियात बेकायदेशीर आहे, घाबरू नका. ईमेल कसा लिहायचा हे अडलं तर मला मेसेज करा, मी बसून लिहून देईन.