बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांबद्दल वेदीवरून बोला

ज्या कॅथलिक घरात बाळ पोटातच गेलं, किंवा जन्मून तासाभरात गेलं, त्या घरातली आई फादरना सहसा काही विचारत नाही. विचारायची भीती वाटते. वसईत माझ्या ओळखीच्या काही मावश्या आता सत्तरीपुढे आहेत. लहानपणी धर्मशिक्षणात ऐकलेला 'लिंबो' त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही: बाप्तिस्मा न झालेल्या बाळांना नरकयातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही, कायमचं. आणि 20 एप्रिल 2007 रोजी व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान (थिऑलॉजी) आयोगाने, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, एक दस्तऐवज काढून सांगितलं की ही बाळं तारली जातील अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. या मावश्यांना ते कुणी सांगितलंच नाही. मला याचा राग येतो.

लिंबो आला कुठून? पाचव्या शतकात बिशप संत आगस्तीनचा पेलाजियस या धर्मशिक्षकाशी वाद चालला होता. माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो, असं पेलाजियसचं म्हणणं. आगस्तीन विचारत, मग तान्ह्या बाळांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा कशाला देता? प्रश्न बिनतोड होता. पण तो शेवटपर्यंत ताणला तेव्हा आगस्तीनना म्हणावं लागलं की बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ दंडालाच पात्र ठरतं, फक्त तो दंड सगळ्यांत सौम्य असतो. मध्ययुगातल्या पंडितांना हे सोसवेना. संत थॉमस अक्वायनस यांनी मांडलं की या बाळांना दुःख नाहीच, ती आपल्या परीने सुखी असतात, फक्त ईशदर्शन नसतं. म्हणजे ज्याला आपण आज निर्दय म्हणतो तो लिंबो त्या काळी दयेपोटीच सुचला होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण आधीही दयेच्या दिशेने सरकली आहे.

मात्र पंडितांची ही मांडणी आईबापांना कधीच पुरली नाही. स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्युरेन या गावी पंधराव्या शतकात लोक मृत जन्मलेली बाळं घेऊन तीर्थाला येत. निखाऱ्यांची ऊब देत, ओठांवर पीस ठेवत. पीस जरा हललं की 'जीव आला' म्हणून घाईघाईने बाप्तिस्मा देत आणि मग पुरत. तिथल्या उत्खननात अडीचशेच्या आसपास तान्ह्या बाळांचे सांगाडे मिळाले. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नसे. शेताच्या बांधावर, समुद्रकाठी त्यांच्या वेगळ्या जागा असत, त्यांना 'किलीनी' म्हणतात. शिकवण पुस्तकात एका ओळीत मावते, तिचं ओझं कोण वाहतं ते अशा ठिकाणी दिसतं.

परंपरावादी मंडळी 1439 च्या फ्लॉरेन्स परिषदेकडे बोट दाखवतात. केवळ आदिपाप (आदामापासून प्रत्येकाला जन्मतःच लागलेलं पाप) घेऊन मेलेल्यांबद्दल तिथे कठोर शब्द आहेत, हे खरं. हा आक्षेप टाळून पुढे जाऊ नये, आणि आयोगानेही तो टाळलेला नाही. पण लिंबो स्वतः श्रद्धासिद्धांत म्हणून कधीच घोषित झाला नव्हता. पुढे पोप बेनेडिक्ट झालेल्या रॅट्झिंगर यांनी कार्डिनल असतानाच त्याला ईशज्ञानातलं एक अनुमान म्हटलं होतं. दुसरं म्हणजे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 आणि 1965 मध्ये स्पष्ट म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही त्यांनाही तारण मिळू शकतं, आणि पवित्र आत्मा देवाला ठाऊक असलेल्या मार्गाने प्रत्येकाला ही संधी देतो. आपले हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजारी त्यात आले. मग ज्याने डोळेही उघडले नाहीत ते बाळ बाहेर कसं राहील?

आणि 28 डिसेंबरला आपण काय साजरं करतो? हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा सण. त्यांतल्या एकाचाही पाण्याने बाप्तिस्मा झाला नव्हता. ख्रिस्तसभा त्यांना संत म्हणते.

"मग बाप्तिस्मा द्यायचाच कशाला?" असं लगेच विचारलं जातं. बाप्तिस्मा हाच तारणाचा नेहमीचा मार्ग आहे, असं 2007 चा दस्तऐवजही ठामपणे म्हणतो. ख्रिस्ताच्या जीवनात बाळाचा प्रवेश तिथे होतो, आणि त्यासाठी मी माझ्या मुलांना नेलं असतं, लिंबोची गोष्ट कधी कानावर आली नसती तरीही. दस्तऐवज खात्री देत नाही, आशा म्हणतो. मला त्यात पळवाट दिसत नाही. जे प्रकट झालेलं नाही ते ठाऊक असल्यासारखं न बोलणं हा ईशज्ञानाचा प्रामाणिकपणा आहे.

आता धर्मगुरूंना माझी विनंती. 1983 च्या धर्मसंहितेच्या 1183 व्या कलमानुसार, आईबापांचा बाप्तिस्मा द्यायचा विचार होता आणि त्याआधीच बाळ गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो. किती जोडप्यांना हे माहीत आहे? लग्नाआधीच्या शिबिरात हे सांगा. आपल्या इस्पितळांतल्या सिस्टरांना सांगा, कारण त्या क्षणी आईजवळ त्याच असतात. आणि येत्या 28 डिसेंबरच्या मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थनेत या बाळांसाठी एक विनंती घाला. प्रवचनात 'लिंबो' हा शब्द उच्चारून सांगा की ख्रिस्तसभा आता काय म्हणते. त्या मावश्या पुढच्या बाकांवरच बसलेल्या असतात.