श्वासामुळे कार्बन वाढतो? नाही हो!
शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतंय की 800 कोटी माणसं श्वास सोडतात म्हणून हवेत कार्बन वाढतोय, आणि पुरावा काय तर चुन्याच्या निवळीत स्ट्रॉने फुंकायचा व्हिडिओ. निवळी दुधाळ होते हे खरंच, उच्छ्वासात साधारण 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, प्रयोग बिनधास्त करा, पण तो कार्बन आला कुठून हे पण पोरांना विचारा ना! भाकरीतून, म्हणजे ज्वारीने मागच्या हंगामात हवेतूनच ओढलेला, तोच परत गेला, हिशोब फिटला (ट्रॅक्टरचं डिझेल वेगळं धरा). चंद्रपूरच्या खाणीतला कोळसा मात्र 25 कोटी वर्षांहून जुना, तो जाळला की गाडलेला कार्बन नव्याने हवेत येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) 420 च्या वर गेला तो मुख्यतः कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून, शिवाय जंगलतोड आहेच.