‘कोअर टू ड्युओ म्हणजे भंगार’ : या संदेशाला उत्तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-दुरुस्त्या, संपला. तेव्हापासून गोव्यातल्या वाचनालयांच्या, देवस्थानांच्या आणि नाट्यमंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : इंटेलच्या जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातल्या डेस्कटॉपवर एक रुपयाही घालू नका. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी चिपांची डिस्क) लावली तरी त्याला वेग येत नाही, त्यात रॅम वाढत नाही, विंडोज ११ चालत नाही म्हणजे तो मेलाच. शिवाय तो वीज भरमसाट खातो आणि आपल्या खाऱ्या हवेत त्याचा बोर्ड कुजलेलाच असतो. भंगारात द्या, नवा घ्या.

यातली काही विधाने अर्धी खरी आहेत, म्हणून संदेश लोकांना पटतो. पण त्यावर विसंबून भंगारात निघालेल्या काही यंत्रांत ज्या जुन्या मराठी फायली आहेत, त्या नव्या यंत्रात नीट उघडणार नाहीत. त्यासाठी हे उत्तर.

आधी एसएसडी. संदेश म्हणतो की जुन्या बोर्डावरच्या साटा-२ पोर्टला (डिस्क जोडायच्या जागेला) सेकंदाला ३०० मेगाबाइटची मर्यादा आहे, मग ५५०ची एसएसडी घेऊन काय करायचे? आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. संगणक सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना डिस्कवर विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे जास्त थांबावे लागते. हेड तिथवर सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे सेकंदाला अशी जेमतेम ७०-८० वाचने होतात. एसएसडीत फिरणारे काही नसतेच, त्यामुळे त्याच साटा-२ पोर्टवर ती हजारो वाचने करते. ३००ची मर्यादा जाणवते ती एखादी मोठी सलग फाइल हलवताना. पत्र टाइप करणाऱ्या, पावत्या काढणाऱ्या माणसाला ती कधी जाणवणारही नाही. या वयाच्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर तो हाच, असे माझे ठाम मत आहे.

घेताना मात्र अडीच इंची साटा एसएसडीच घ्या. एनव्हीएमई (साटाऐवजी वेगळ्या जोडणीची नवी एसएसडी) नको, कारण ॲडॉप्टर लावूनही या बोर्डांचे बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) सहसा तिच्यावरून संगणक सुरू करत नाही. विंडोज एक्सपी ही जुनी आवृत्ती ठेवायचीच असेल तर आणखी एक काळजी घ्या : एक्सपी पहिले पार्टिशन (डिस्कचा कप्पा) ६३व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहान तुकडा) पाडते आणि ते एसएसडीच्या आतल्या मांडणीशी जुळत नाही. पार्टिशन आधी लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या) किंवा विंडोज ७च्या इन्स्टॉल डिस्कवरून पाडून घ्या.

रॅमचे विधान अर्धे खरे. जी३१ चिपसेटला (बोर्डावरच्या नियंत्रक चिपला) ४ जीबीची मर्यादा आहे, जी४१ला ८ची. ३२ बिटांच्या विंडोजला ४ जीबी लावले तरी साधारण सव्वातीनच वापरता येतात. डीडीआर२ या जुन्या प्रकारच्या रॅमची ४ जीबीची एकेक पट्टी मिळणे कठीण, तेव्हा २-२ जीबीच्या दोन पट्ट्यांवर थांबावे. जी४१चे काही बोर्ड डीडीआर३चे आहेत आणि त्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते. म्हणून दुकानात जाण्याआधी बोर्डावर छापलेले नाव टिपून न्या. प्रोसेसर बदलायच्या मोहात पडू नका. जुना क्यू६६०० स्वस्तात मिळेल, पण तो ९५ ते १०५ वॅटचा आहे. साध्या बोर्डाला आणि थकलेल्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) तो ताण कशाला?

विंडोज ११ चालत नाही, हे पूर्ण खरे आहे. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. व्हिडिओत दाखवतात त्या पळवाटाही इथे चालत नाहीत, कारण विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला लागणारी पॉपकाउंट ही प्रोसेसरची सूचना कोअर टूमध्ये नाहीच. पण विंडोज ११ चालत नाही म्हणून यंत्र मेले असे होत नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटांचा आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी आणि एसएसडीवर नीट चालते. लिबरऑफिस आहे, मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक आहे. यूट्यूब १०८०वर अडखळेल, कारण व्हीपी९ (यूट्यूब ज्यात व्हिडिओ दाबून पाठवते ती पद्धत) उलगडण्याचे सगळे ओझे प्रोसेसरवर पडते. घरात व्हिडिओचे काम किंवा मुलांचे ऑनलाइन वर्ग असतील तर नवाच घ्यावा, तिथे माझे संदेशाशी भांडण नाही.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. ७० वॅट, दिवसाला चार तास, वर्षातले ३०० दिवस : ८४ युनिट. १५ वॅटच्या छोट्या नव्या पीसीला १८ लागतील. ६६ युनिटांच्या फरकाला आपल्या बिलावरच्या दराने गुणा, म्हणजे नव्याची किंमत किती वर्षांत वसूल होईल ते कळेल. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी.

आता हवा. मिरामारला काय किंवा कळंगुटला काय, समुद्रालगत रॅमच्या आणि कार्डांच्या सोनेरी टोकांवर थर धरतो, हे कुणी नाकारणार नाही. पण म्हणून बोर्ड कुजलाच असे होत नाही. रोज तासभर सुरू होणारे यंत्र आतल्या उबेने कोरडे राहते. पावसाळाभर झाकून ठेवलेले जास्त बिघडते. टोके खोडरबराने हलकेच पुसा. कपॅसिटर (बोर्डावरचे छोट्या डब्यांसारखे भाग) वरून फुगलेत का ते टॉर्च लावून पाहा. फुगले असतील तर चांगला कारागीर ते बदलून देतो. तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा सेल संपला आहे. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत आणि लोक दोष यंत्राला देतात. एसएमपीएस मूळचाच असेल तर तो आधी बदला, कारण तो जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. आणि मे-जूनच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा.

संदेशाचा शेवटचा सल्ला, ‘भंगारात द्या’, हा सर्वांत घातक. आपल्याकडे कितीतरी देवस्थानांचे अहवाल, जत्रेच्या पत्रिका, नाटकांच्या संहिता, दिवाळी अंकांची पाने युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत, पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये जुळवलेली आहेत. त्या फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. काही मराठी पॅकेजांबरोबर समांतर पोर्टला (प्रिंटरच्या जुन्या पोर्टला) लावायचा डाँगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, येई. तो नसेल तर पॅकेज सुरूच होत नाही, आणि नव्या पीसीला तो पोर्ट सहसा नसतो.

असे यंत्र जपून ठेवावे, पण इंटरनेटला जोडू नये, कारण एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला. डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) एसएसडीवर घ्या, जुनी डिस्क न पुसता कपाटात ठेवा. फॉन्टच्या फायली आणि पॅकेजची सीडी तिच्यासोबतच असू द्या. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये बदला. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हटकून बिघडतात, तेव्हा मूळ छापील प्रतीशी ताडून वाचणारा माणूस हवाच. आणि एवढे करून यंत्र द्यायचेच ठरले, तर मागच्या पोर्टला लागलेला डाँगल आधी काढून घ्या.