शंभर वर्षं जुनी बंदूक, लायसन्स नको? त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस आपल्याकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, ‘नवख्या कलेक्टरने अस्सल मिलिटरी रायफल कशी शोधावी’ (कलेक्टर म्हणजे इथे जुन्या वस्तू जमवणारा, जिल्ह्याचा साहेब नव्हे). सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, सगळीकडून मला तोच आला आणि प्रत्येकाचा खाली प्रश्न एकच, खरंय का हो हे? ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हणे शंभर वर्षांपेक्षा जुन्या बंदुकीला लायसन्स लागत नाही. मुकुट आणि ‘टॉवर’ असा शिक्का दिसला की माल अस्सल इंग्रजी. सगळ्या पार्टवर एकच नंबर नसेल तर नकली. गंज जितका जास्त तितकी बंदूक जुनी. आपला भाग फौजींचा, त्यामुळे वाड्यांच्या माळ्यावर महायुद्धातल्या रायफली पडून आहेत, आजोबांची गोष्ट आणि सोबत जुना कागद असला की डोळे झाकून घ्या. घरी आणून ब्रासोने चकाचक करा, आत दारू राहिली असली तरी ती केव्हाच मेलेली असते. आणि शेवटी पाच वर्षांत पैसे डबल.

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं बरोबर नाही. दोन-तीन अर्धवट खरी आहेत आणि तीच जास्त घातक आहेत.

लायसन्सपासून सुरू करतो, कारण बाकीच्या चुकांत फक्त पैसे जातात, इथे माणूस आत जातो. ही शंभर वर्षांची भानगड आली कुठून ते बघा. अमेरिकेत १९६८ चा एक कायदा आहे, त्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात आणि तिला तिकडच्या केंद्रीय कायद्याचे बरेचसे नियम लागत नाहीत. कुणीतरी तिकडचं काहीतरी उचललं आणि त्यात आपला १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा कालवला, ज्यात शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावस्तू ठरते. झाली खिचडी. आता तो पुरावस्तूंचा कायदा बंदुकीच्या लायसन्समधून कुणाला सोडत नाही, उलट त्याने बंधन वाढतं, अशी वस्तू तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायचा तर त्याचं वेगळं लायसन्स लागतं.

बंदुकीला लागतो १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, ती खोटी नाही, पण लोक अर्धंच वाक्य वाचतात. हत्यार जुन्या बाद झालेल्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं पाहिजे आणि वर ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येणारच नाही असं पाहिजे. वयाचा आकडा त्यात कुठेच नाही. म्हणजे १८६० सालची एनफिल्ड आहे, इंग्रजांच्या फौजेची ठासणीची रायफल, नळी शाबूत आहे, घोडा पडतोय, नवं निपल, म्हणजे दारू पेटवणारी टोपी जिच्यावर बसते ती बारीक नळी, बसवलं की उडेल, तर ती दीडशे वर्षांची असू दे नाहीतर तीनशे, कायद्याला ती बंदूकच. पीक राखायला शेतकरी ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स काढून दर वेळी रिन्यू करायला हेलपाटे घालतात ते काय हौस म्हणून?

आणि नवख्याला सगळ्यात जास्त ओढ असते ती थ्री नॉट थ्रीची, म्हणजे .३०३ बोअरच्या जुन्या फौजी रायफलची. तिचं तर आणखी अवघड आहे राव. ती प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडते, कलेक्टरसाहेबांच्या साध्या लायसन्सवर ती मिळतच नाही, केंद्र सरकारची खास परवानगी लागते. म्हणूनच सामान्य माणसासाठी आपल्याकडे .३१५ बोअरची रायफल काढली गेली. प्रतिबंधित हत्यार विनापरवाना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १४ वर्षं. फॉरवर्डवाला तुमच्याबरोबर कोर्टात येणार नाही.

‘ही निकामी आहे, काय होत नाही’ हे विकणाऱ्याने ठरवायचं नसतं. कलेक्टर ऑफिसला जाऊन विचारायचं, लेखी घ्यायचं आणि मगच खिशात हात घालायचा. घरात आजोबांची लायसन्सवाली बंदूक आहे आणि आजोबा गेले, असं आपल्याकडे लै घरांत असतं, तर ती माळ्यावर टाकून विसरू नका, पोलीस स्टेशनला किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि वारसाने आपल्या नावावर अर्ज करायचा. रस्ता सरळ आहे, फक्त वेळ खातो.

आता ‘टॉवर’. मागे विश्रामबागेत एका ओळखीच्याने ‘टॉवर १८५७’ असं कोरलेली एक बंदूक टेबलावर आणून ठेवली, चेहऱ्यावर एवढा आनंद की काही बोलवेना. चापाच्या वरची ती लॉकची, म्हणजे घोडा पाडणाऱ्या यंत्रणेची, पट्टी भिंगाखाली घेतली तर अक्षरांच्या कडा गोल, जशा ओतीव लोखंडात येतात तशा. खऱ्या लॉकवरची अक्षरं ठोकलेली किंवा कोरलेली असतात, झिजली तरी त्यांचा तळ स्वच्छ दिसतो. नळीत टॉर्च मारला तर आत एका बाजूने तोंडापासून खालपर्यंत सरळ रेघ, म्हणजे वेल्डची शिवण, पाइप आहे तो. निपल काढलं तर त्याच्या खालून नळीत जाणारं भोकच पाडलेलं नव्हतं, म्हणजे ही बंदूक जन्मात कधी उडालेली नाही आणि उडणारही नव्हती. कुंदा, म्हणजे लाकडी दस्ता, शिसमाचा. इंग्रजांच्या फौजी बंदुकीचा कुंदा सहसा अक्रोडाचा असतो. आपल्या देशात अशा प्रतिकृती ढिगाने बनतात, परदेशात जुन्या लढायांची नाटकं करणारे लोक त्या मागवतात, त्यातल्याच काही गंजवून ‘वाड्यातली’ म्हणून फिरतात.

पुढची गंमत अशी की खरा ‘टॉवर’ शिक्का असला तरी त्याचा अर्थ ती बंदूक लंडनच्या टॉवरमध्ये घडली असा होत नाही, बर्मिंगहॅम-लंडनच्या ठेकेदारांकडून घेऊन सरकारने तपासून पास केलेल्या बंदुकांवरही तो यायचा. आणि आपल्या भागात ब्रिटिश काळातलं काही खरं सापडायचं तर ते कंपनी सरकारच्या फौजेचं असायची शक्यता जास्त, त्याच्या लॉकवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढे मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह असतो. म्हणजे फॉरवर्डवाला जी खूण शोधायला सांगतोय ती नसलेली बंदूकच इथे जास्त खरी असू शकते. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या, बंदुकांवर तर बहुतेक वेळा कसलाच इंग्रजी शिक्का नसतो, नसणारच.

मग बघायचं काय? एक खूण नाही बघायची, सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघायचं. १८५३ पॅटर्नच्या एनफिल्डची नळी ३९ इंची, बोअर .५७७, म्हणजे व्हर्नियर लावला तर साडेचौदा मिलिमीटरच्या जरा वर, आत तीन रुंद उथळ खाचा पीळ घेत गेलेल्या, नळीवर तीन कड्या. ही मापं बसली नाहीत तर लॉकवर काहीही लिहिलेलं असू दे. पण इथेही घाई नको, कारण १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातातून रायफल काढून तशाच दिसणाऱ्या पण आतून गुळगुळीत, जास्त बोअरच्या मस्केटी दिल्या होत्या. त्यामुळे ‘आत खाचा नाहीत’ एवढ्यावरून नकली म्हणणारा पण चुकतो. ते बाण-चिन्ह माहीत असेल तुम्हाला, सरकारी मालाचं, त्याच्याबरोबर इंग्रजी ‘आय’ असला तर हिंदुस्थानच्या फौजेचा माल. आणि दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने तो माल सेवेतून काढून विकलाय. हे बारकावे नकली करणारे सहसा विसरतात.

शॉर्ट ली-एनफिल्डवर, म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्रीवर, ‘व्ही. आर.’, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा शिक्का, कोरलेलं दाखवून तर लोक हमखास गंडवतात. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली. ही रायफल त्यानंतर आली, तिचा मार्क थ्री तर १९०७ चा. मग राणीचा शिक्का त्यावर मारला कुणी? तसल्या रायफली सरहद्दीकडच्या, आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेलच्या बाजूच्या घरगुती कारखान्यांतल्या, तिकडचे कारागीर हाताने जबरदस्त काम करायचे पण इंग्रजी वाचता यायचं नाही म्हणून कधी कधी ‘एनफिल्ड’मधला एनच उलटा पडायचा. आपल्या बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातल्या रायफलींवर स्वातंत्र्याआधी ‘जी. आर. आय.’, म्हणजे जॉर्ज बादशहाचा शिक्का, आणि नंतर अशोकस्तंभाचे सिंह.

नंबरांचं लवकर उरकतो. थ्री नॉट थ्रीच्या बाबतीत बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) आणि रिसीव्हरचा (तो ज्यात सरकतो त्या सांगाड्याचा) नंबर जुळावा हे बरोबर आहे, बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेला असतो. पण १८५३ च्या एनफिल्डच्या जमान्यात फौजी बंदुकांना तसला सिरियल नंबरच नसायचा, पलटणीचा आणि रॅकचा नंबर मागच्या पितळी पट्टीवर ठोकायचे. त्यावर सगळीकडे सुबक सारखा सिरियल नंबर दिसला तर उलट संशय घ्या.

गंज म्हणजे वय नव्हे, आणि हे सांगलीकरांना तरी सांगायला नको. २०१९ च्या महापुरात पाण्यात राहिलेल्या घरातलं लोखंड बघितलंय ना, आठवड्यात शंभर वर्षांचं दिसायला लागलं होतं. टोपीची बंदूक खरंच वापरलेली असेल तर निपलच्या आजूबाजूला बारीक खड्डे पडलेले असतात, कारण टोपीतला मसाला आणि काळ्या दारूची राख तिथल्या तिथे लोखंड खाते, आणि हात लागायच्या जागा उलट गुळगुळीत तपकिरी होतात. जिथे-तिथे सारखाच लाल गंज, स्क्रूच्या खाचेत पण तेवढाच, लॉकच्या आत पण तेवढाच, तर ती मिठाच्या पाण्यात नाहीतर ॲसिडमध्ये झोपून आलीये.

आता आजोबांची गोष्ट. हा मुद्दा जरा जपून लिहितो कारण आपल्याकडे फौजेबद्दल लोकांच्या भावना खऱ्या आहेत, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं उगाच नावाला मिलिटरी नाहीत. पण शिपायाला मिळालेली रायफल त्याची नसायची, सरकारची असायची, नंबरासकट वहीत चढलेली, आणि ती हरवली तर कोर्टमार्शलची पाळी. पेन्शनीला येताना मेडलं यायची, कोट यायचा, फार तर पाणी प्यायचा मग यायचा. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या, एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली आणि माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, तरी ‘कूतवरून आजोबांनी आणलेली रायफल’ विकायला काढणारे आहेतच. कैदेतून रायफल घेऊन कोण आलं असेल बरं? तसंच ‘पत्री सरकारच्या टोळीतली’. असू शकते, नाही असं नाही, पण नाना पाटलांचं नाव घेतल्याने लोखंड सिद्ध होत नाही.

कागद दाखवतात तेव्हा मात्र मला मजा येते, कारण कागद लोखंडापेक्षा लवकर बोलतो. ‘जिल्हा सांगली, १९३८’ असं छापलेला बंदुकीचा परवाना दाखवला तर तिथेच हात जोडा. तेव्हा सांगली हा जिल्हाच नव्हता, पटवर्धनांचं संस्थान होतं, ते १९४८ ला विलीन झालं, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्याला सांगली नाव मिळालं ते १९६० मध्ये. संस्थानचा कागद असेल तर त्यावर संस्थानचं नाव आणि मोहोर पाहिजे. तासगाव, वाळव्याकडचा इंग्रजी मुलखातला जुना परवाना असेल तर जिल्हा सातारा पाहिजे.

ब्रासोबद्दल एवढंच की करू नका. पितळेवरचा काळपटपणा आणि नळीवरचा तपकिरी थर हाच पुरावा असतो, चिंच लावून तांब्या घासल्यासारखी बंदूक घासली की शिक्के जातात आणि जाणकार ती हातात घ्यायलाही मागत नाही. कोरडं मऊ फडकं, हलकं तेल, बास.

पण ‘दारू मेलेली असते’ हे ज्याने लिहिलं त्याला खरंच सांगावंसं वाटतं, बाबा असं लिहू नको. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते आणि ठासणीच्या बंदुका भरलेल्याच भिंतीला टांगून ठेवायची पद्धत होती. कुठलीही जुनी ठासणीची बंदूक हातात आली की पहिलं काम हे. तोंड माणसांपासून लांब, तोंडासमोर स्वतःही उभं राहायचं नाही, लाकडी काठी नळीत हलकेच सोडायची, तोंडापाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावायची. खूण तोंडाशी धरल्यावर काठीचं दुसरं टोक निपलपर्यंत पोचत नसेल, दोन-तीन इंच अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. मग खरवडायचं नाही, पाणी ओतून प्रयोग करायचे नाहीत, घोड्याला हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं.

पाच वर्षांत डबलची गोष्ट सोडून द्या, बाहेरच्या लिलावातल्या डॉलरच्या किमती दाखवून जो हिशोब केलाय तो माल तुम्हाला बाहेर पाठवता येत नाही आणि आत विकायचा तर गिऱ्हाईकही लायसन्सवालंच पाहिजे.

एवढं सांगूनही ज्यांची हौस जात नाही, आणि जाऊ पण नये, त्यांनी आधी डोळा तयार करावा. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, पुण्यात केळकर संग्रहालय, तिथे काचेआडची खरी नळी, खरा कुंदा, खरी झीज निवांत बघा, तिकिटापलीकडे खर्च नाही. विकत घ्यायचंच असेल तर बंदूक सोडून बाकीच्या वस्तूंपासून सुरुवात करा, दारूचं शिंग, पितळी पट्ट्या, किंवा थ्री नॉट थ्रीच्या कुंद्यातल्या कप्प्यात असायची ती तेलाची पितळी बाटली. ती भंगारवाल्याकडे पण निघते, लोकांना ओळखू येत नाही. घेताना झाकण फिरवून उघडा, झाकणाला आतून लांब चमचा जोडलेला असतो, तो तुटलेला असेल तर भाव पाडून मागा.