‘विदर्भात खायचं पिकतं काय?’ असं विचारणाऱ्यांना

गेल्या काही दिवसांपासून एक मजकूर गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: विदर्भात ‘आपल्या मातीतलं खा’ म्हणणं ही शहरी हौस आहे, इथे कापूस, सोयाबीन आणि संत्र्याशिवाय काही पिकत नाही, उन्हाळ्यात तर हिरवं पानही दिसत नाही, आणि जे मिळतं ते परवडत नाही. माझ्या भाच्यानेच तो मला पाठवला, म्हणून मनापासून उत्तर देते आहे.

पिकत नाही म्हणता? आमच्या हिंगणघाट भागात तुरीची ओळ (तास) नसलेलं कपाशीचं वावर शोधावं लागेल. शेजारच्या समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद आहे, तिकडे भिवापूरची मिरची आहे. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पूर्वेला भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या, पाण्यावर धान होतो. एचएमटी तांदूळ देशभर खातात. तो नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून तयार केला. हे सगळं कापूस-सोयाबीनच्याच मुलखात घडलं.

परवडत नाही, या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपलंच चुकतं. घरची तूर आपण पोत्याने विकतो आणि तीच पॉलिश होऊन आलेली डाळ किराणा दुकानातून पिशवीने आणतो. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. क्विंटलभर तुरीची साधारण ७० किलो डाळ धरली, तर किलोला १०८ रुपये पडतात, भरडाई वेगळी. डाळ भरडताना निघणारी चुनी गाईला जाते ती वर. दुकानातल्या पिशवीवरची किंमत याच्या शेजारी ठेवून बघा. जातं फिरवायला आता कोणाला वेळ नाही, हे मान्य. पण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल बनवली ती याचसाठी, आणि ती बऱ्याच गावांत बचत गटांकडे आहे. वर्षाची वीस-तीस किलो तूर बाजूला काढून ठेवायला काय हरकत आहे? त्या डाळीचं वरण शिजताना जो वास सुटतो, तो दुकानच्या डाळीला नाही.

उन्हाळ्यात काही नसतं, हे वाक्य लिहिणाऱ्याने चिवळ ही पालेभाजी पाहिलेली नसावी. ऐन उन्हाळ्यात आठवडी बाजारात बाया गोणपाटावर ओल्या कापडाखाली तिचे वाटे मांडून बसतात. लालसर दांड्या, तांदळापेक्षा थोडी मोठी पानं, आणि मुळांना चिकटलेली माती. एक वाटा निवडायला अर्धा तास जातो, तीन-चार पाण्यांतून काढावी लागते, नाहीतर दाताखाली कचकच येते. लसणाची फोडणी, वरून बेसन पेरायचं आणि ज्वारीची भाकर. त्याच दिवसांत कैऱ्या असतात, मोहफुलं असतात, आणि हिवाळ्यात वाळवून ठेवलेल्या वांग्याच्या फोडी डब्यात असतात.

रानभाज्या गरिबाचं खाणं, असंही त्या मजकुरात एक वाक्य आहे. त्यावर एवढंच: तरोटा, अंबाडी, कुरडू खाऊन आमच्या चार पिढ्या कष्टल्या, त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही.

एक गोष्ट मात्र खरी, आणि ती मजकुरात नाही. ज्वारी इथून गेली. सोयाबीनला रोख पैसा मिळाला हे एक कारण. दुसरं, एकट्याने पेरली तर पाखरं, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) कणीस हाती लागू देत नाहीत. पूर्वी सगळं शिवार ज्वारीचं असायचं, नुकसान वाटलं जायचं. आज भाकरीचं पीठ आम्हीही विकत आणतो, आणि ते मला खुपतं.

दुसरी अडचण तणनाशकाची. पावसाळ्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उगवणारा तरोटा, केना, घोळ फवाऱ्याने जळतात, आणि जळले नाहीत तरी ते खाऊ नयेत. म्हणून बाजारात भाजी घेताना भावाआधी विचारा, कुठली आहे, तिथे फवारलं होतं का. ‘विहिरीवरची हाय बाई, सकायीच उपटली,’ असं सांगणारी बाई त्याच वावरात निंदायला जाते. तिला कोणत्या धुऱ्यावर कधी फवारा गेला हे वावराच्या मालकापेक्षा नेमकं ठाऊक असतं.