बास्करव्हिलचा कुत्रा आणि आमची वारस नोंद

(रहस्यभेद आहे. पण कादंबरी सव्वाशे वर्षांची झाली, त्यामुळे माफी वगैरे मागत नाही.)

दोन वर्षं झाली, आजोबांच्या जमिनीला वारस नोंद लावतोय. जमीन दोन एकर अकरा गुंठे आणि वारस चौदा. आत्याचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यावर चक्क घरात हाक मारायचं नाव. या तिन्ही बायका म्हणजे एकच बाई, असं प्रतिज्ञापत्र करून दिलं, तर त्यात आजोबांच्या नावातला एक काना राहिला. मग पुन्हा हेलपाटा.

तर अशा एका दुपारी, कचेरीतल्या बाकावर बसून वेळ जाईना म्हणून 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' परत काढली. आर्थर कॉनन डॉयलची, गुप्तहेर शेरलॉक होम्सची कादंबरी. १९०१-०२ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली होती. शाळेत वाचली तेव्हा इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळरानाचं धुकं, दलदल आणि तोंडातून जाळ निघणारा कुत्रा एवढंच डोक्यात राहिलं होतं. या वेळी कुत्र्याकडे लक्षच जाईना. मी वारस मोजत बसलो!

मोजायला सोपे आहेत. बास्करव्हिल घराण्यातला सर चार्ल्स थोरला, त्याला मूलबाळ नाही. मधला भाऊ तरुणपणीच गेला, त्याचा मुलगा हेन्री. धाकटा रॉजर घराण्याला काळिमा फासून मध्य अमेरिकेत पळाला आणि तिकडेच मेला. त्याचं लग्नच झालं नव्हतं अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात त्याला एक मुलगा होता, आणि तोच स्टेपलटन नाव घेऊन, फुलपाखरं पकडायची जाळी खांद्यावर टाकून, वाड्याशेजारी राहायला आलेला. म्हणजे त्याच्या आणि इस्टेटीच्या मध्ये फक्त दोन माणसं. पलीकडे ७,४०,००० पौंड. आमच्या सातबाऱ्यावरची चौदा नावं पाहून त्यानं हात टेकले असते.

आता माझा मुद्दा. वारशासाठी केलेला खून हा सगळ्यात अवघड खून. बाकीचे खुनी काम झालं की पसार होतात. याला मात्र पळून चालत नाही. खून झाल्यावर यानं स्वतःच्या खऱ्या नावानं पुढे यायचं, नातं सिद्ध करायचं आणि सही करायची. बरं, नुसता माणूस मरून भागत नाही, तो खुनानं मेलाय हे कुणाला कळताही कामा नये. आपल्याकडे हिंदू उत्तराधिकार कायद्याचं, १९५६ च्या, कलम २५ आहे. खून करणाऱ्याला त्या माणसाचा वारसा मिळत नाही, आणि ज्या वारशाची वाट मोकळी व्हावी म्हणून खून केला, तोही मिळत नाही. म्हणजे काका मारून चुलतभावापर्यंत पोचायचा बेत असेल तर तोही बसला. इंग्लंडातही हे तत्त्व तेव्हा होतंच. नवऱ्याला विष घातल्याबद्दल दोषी ठरलेल्या फ्लॉरेन्स मेब्रिकला त्याच्या विम्याचे पैसे मिळणार नाहीत, असा निकाल तिथल्या अपील कोर्टानं १८९२ मध्येच दिला होता.

म्हणून तो कुत्रा! लोक म्हणतात, डॉयलनं वातावरणनिर्मितीसाठी घातला. छे. स्टेपलटनला दाखल्यावर 'हृदयविकार' असं लिहून हवं होतं, आणि ते लिहून देणारा कुत्राच. सर चार्ल्सचं हृदय आधीच कमजोर, त्यात घराण्यामागे लागलेल्या भुताळी कुत्र्याच्या शापावर त्याचा विश्वास. तो रात्री फाटकापाशी पाच-दहा मिनिटं उभा होता. कशावरून? सिगारची राख दोनदा झडलेली होती. मग त्याला ते जनावर दिसलं, तो जिवाच्या आकांतानं पळाला आणि कोसळला. अंगावर ओरखडाही नाही. त्याचा डॉक्टर मॉर्टिमर, त्याला थोड्या अंतरावर कुत्र्याच्या पावलांचे ठसे दिसले होते, पण चौकशीत तो बोलला नाही. शिकला-सवरलेला माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवतो, असं लोकांना वाटेल म्हणून. आमच्या भाषेत सांगायचं तर मुदतीत हरकत आलीच नाही.

बुटांचा प्रकारही पाहा. हेन्रीचा लंडनच्या हॉटेलातून आधी कोरा तपकिरी बूट चोरीला जातो, मग जुना काळा नाहीसा होतो आणि तपकिरी परत सापडतो. कुत्र्याला माग काढायला हेन्रीचा वास हवा, आणि कोऱ्या बुटाला अजून मालकाचा वास लागलेला नव्हता. पैसे मोजून घेतलेली वस्तू लगेच तुमची होत नाही, ती घामानं होते. बाकावर बसून हे वाचताना मी पायातल्या चपलांकडे बघितलं. दोन वर्षांत टाचा झिजल्यात.

आणि कादंबरीतली पोकळ जागाही इथेच आहे. सगळं साधलं असतं तरी हा प्राणी वारसा मागणार कसा? शेजारी म्हणून दुसऱ्या नावानं राहिलेला, बायकोला बहीण म्हणून मिरवणारा, सगळ्या गावानं पाहिलेला माणूस! होम्सचा मित्र वॉटसन शेवटी हे विचारतोसुद्धा. त्यावर होम्स तीन शक्यता सांगतो. दक्षिण अमेरिकेत जाऊन तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसमोर ओळख पटवायची, नाहीतर लंडनमध्ये वेषांतर करायचं, नाहीतर कागदपत्रं देऊन एखादा तोतया उभा करायचा. झालं. एका परिच्छेदात विषय संपला. ज्याला एका कान्यासाठी हेलपाटा पडलाय त्याला हे कसं पटावं? माझ्या मते डॉयलनं इथे अंग काढून घेतलंय. तरीही कादंबरी थोर आहे, यावर वाद घालायला येऊ नका.

रात्री आत्याला फोनवर गोष्ट सांगितली. कुत्रा, दलदल, भिंतीवरच्या चित्रातल्या पूर्वजात स्टेपलटनचा चेहरा सापडतो तो प्रसंग, सगळं रंगवून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्या हेन्रीनं मृत्युपत्र केलं का नाही?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं. लंडनच्या हॉटेलात होम्स त्याला नेमकं हेच विचारतो, तेव्हा तो म्हणतो, अजून वेळच मिळाला नाही. शेवटी तो डॉक्टरबरोबर लांबच्या प्रवासाला निघालेला असतो, तब्येत सुधारायला.

"नाही वाटतं, आत्या."

"बघ," ती म्हणाली. "आणि उद्या येताना आधारची झेरॉक्स दोन आण. गेल्या वेळची त्यांनी हरवली."