कटला-रोहूचा संकर वांझ नसतो

“संकर मासा म्हणजे खेचर. त्याला पिल्लं होत नाहीत, म्हणून कटला-रोहूचं संकर बीज नाल्यात, धरणात बिनधास्त सोडा,” असा मेसेज जळगाव-धुळ्याकडे गळ टाकणाऱ्यांत सध्या फिरतोय. त्यातच ‘इंजेक्शनचा मासा’ म्हणून भीतीही घातली आहे. पुरावा काय, तर कुणाच्या तरी शेततळ्यात या माशांना तीन वर्षांत एकही पिल्लू झालं नाही.

अहो, शेततळ्यात अस्सल कटल्यालाही पिल्लं होत नाहीत! त्याला अंडी टाकायला पावसाळ्याचं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणूनच 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घेतली, आणि बीज म्हणजे माशांची पिल्लं तयार करणारी केंद्रं आजही संप्रेरकाची सुई टोचायच्या त्याच वाटेनं चालतात. मेसेजमधल्या ‘इंजेक्शनच्या माशा’चं भयही त्यामुळे फोल आहे. सुई जनक नर-मादीला टोचतात, आणि शुद्ध बीजही तसंच तयार होतं.

आता खेचर. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. जोड्या जुळत नाहीत, म्हणून ते वांझ. कटला आणि रोहू दोघांची 50-50. नुसता आकडा जुळून भागत नाही हे खरं, पण या संकरात नर-मादी दोन्ही वयात येतात आणि त्यांना पिल्लं होतात. अमेरिकेतला टायगर मस्की हा गळाचा नावाजलेला संकर मासा सहसा वांझ असतो. त्याचा नियम आपल्या माशाला लावू नका.

मृग लागायच्या तोंडावर हतनूर धरणाच्या काठी माझ्या कणकेच्या गोळ्याला एक मादी लागली. डोकं कटल्याहून लहान, अंग रोहूहून रुंद, तोंड वर वळलेलं नाही, खालच्या ओठाला बारीक झालर. शेजारचे आबा म्हणाले, “हाऊ कटला बी नही, रोहू बी नही.” चिरली तर पोट अंड्यांनी गच्च भरलेलं.

अशी मादी पुरात रोहूच्या नराशी जुळली की पुढची पिढी आणखी सरमिसळ. कटला वरच्या थरातलं सूक्ष्म अन्न खातो, रोहू मधल्या थरातलं. म्हणून एका पाण्यात दोघं पोसतात. जाती मिसळल्या की ही वाटणी मोडते. मला याचीच काळजी वाटते.

बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घेताना कटला आणि रोहूची अंडी वेगवेगळी घेतात का, हे विचारा. बीज संकर निघालं तर ते शेततळ्यातच ठेवा आणि जादा पाणी निघतं त्या पाइपाला बारीक जाळी बांधा.